पुराव्याची वाट पाहण्यात गेलेलं दशक

25 ऑगस्ट 2021 रोजी मनाने जखमी झालेल्या माजी सैनिकांना प्रशिक्षित कुत्र्यांची साथ मिळवून देणाऱ्या ‘पॉज’ कायद्यावर बायडेन यांची सही झाली, तेव्हा अमेरिकेतल्या माजी सैनिकांची परवड संपली असं आम्हाला वाटलं. प्रत्यक्षात पदरात पडला तो पाच वर्षांच्या मुदतीचा प्रयोग, तोही पाचच इस्पितळांत: अँकरेज, अ‍ॅशव्हिल, पालो अल्टो, सॅन अँटोनियो आणि वेस्ट पाम बीच. मुदत सरत आली. बाकीचे सैनिक अजून असे कुत्रे देणाऱ्या संस्थांच्या दारी रांगेत उभे आहेत.

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार, हे निदान 1980 साली अधिकृत झालं, 1990 मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा आला. त्या काळाबद्दल मला फार सांगायचं नाही. सांगायचं आहे ते 2011 पासूनच्या दहा वर्षांबद्दल.

इराकमध्ये लढलेल्या कॅप्टन लुईस मोंटालवान यांचं पुस्तक त्याच वर्षी आलं. ट्यूजडे नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरने त्यांना पुन्हा माणसांत आणलं होतं. इराकहून खचून परतलेल्या मुलाला कुत्र्याने सावरलेलं पाहून शारी ड्युव्हल यांनी फ्लोरिडात ‘के-नाइन्स फॉर वॉरियर्स’ सुरू केली, तीही 2011 मध्येच. हे कुत्रे दुःस्वप्नात तडफडणाऱ्या माणसाला चाटून जागं करतात, रांगेत त्याच्या पाठीशी उभे राहतात, श्वास कोंडू लागला की अंगावर भार टाकून त्याला भानावर आणतात. असा कुत्रा तयार व्हायला दोन वर्षंही लागतात आणि हजारो डॉलर.

सरकारी माजी सैनिक खात्याने अभ्यास सुरू केला, पण कुत्रे चावल्याच्या आणि त्यांच्या आरोग्याच्या तक्रारी आल्यावर 2012 मध्ये तो थांबवला. त्याच वर्षी नियम केला: अंध, बहिरे, चालता न येणारे यांच्या कुत्र्यांचा दवाखाना खातं बघेल, मनाने जखमी झालेल्यांच्या कुत्र्यांचा नाही, कारण पुरावा नाही. अभ्यास आपणच थांबवायचा आणि पुरावा नाही म्हणायचं, हा अन्याय मी आजही माफ करू शकत नाही. रोज सरासरी वीस माजी सैनिक आत्महत्या करतात, हे 2016 मध्ये याच खात्याने सांगितलं. त्या डिसेंबरात मोंटालवानही गेले. ट्यूजडे त्या वेळी सोबत नव्हता.

पुरावा आणला तो बाहेरच्यांनी. पर्ड्यू विद्यापीठाने 2018 मध्ये 141 सैनिकांचा अभ्यास छापला. कुत्रा मिळालेल्या 75 जणांचा त्रास प्रतीक्षा यादीतल्या 66 जणांपेक्षा कमी होता. आजार गेला नव्हता. तसा दावाही कुणी केला नव्हता. खात्याने अभ्यास पुन्हा सुरू केला, पण त्याचा स्वतःचा निष्कर्ष यायला 2021 उजाडलं.

दुसरा घाव आपल्यासारख्यांनी घातला. मदतनीस कुत्र्यांचं, इंटरनेटवर कुणालाही मिळणारं जाकीट पाळीव कुत्र्याला चढवून लोक विमानात बसले. त्याची किंमत खऱ्या सैनिकाने मोजली. आमच्या शेजारच्या सैनिकाला एका उपाहारगृहाच्या दारातून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. कायद्याप्रमाणे मालक दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? या मालकाने कागद मागितले.

अमेरिकेतल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. असं जाकीट विकत घेऊ नका. कामावरच्या कुत्र्याला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. आणि घरात जागा असेल तर एखाद्या संस्थेचं पिल्लू वर्षभर सांभाळा. अशी घरं या संस्थांना नेहमीच कमी पडतात.