वेलिंग्टनला गेलात तर

मैत्रिणींनो, न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन म्हणजे समोर बंदर आणि पाठीला डोंगर. वारा असा, की पदर खोचूनच चालावं. डोंगर चढायला १९०२ पासून केबल कार आहे; दोराने ओढलेला लाल डबा रुळांवरून पाच मिनिटांत वर नेतो. उतरताना मात्र बागेतून पायी या, म्हणजे संसदेजवळ पोचाल. तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय चुकवू नका. १८९३ साली बायकांनी मतदानाचा हक्क मागितला, तो अर्ज तिथे ठेवलाय. सह्यांचे कागद एकाला एक चिकटवून केट शेपर्ड यांनी झाडूच्या दांड्याला गुंडाळले. लांबी सुमारे २७० मीटर! गटाच्या ठरावावर सह्या घेत आपण किती दारं फिरतो, आठवा. हक्क त्याच वर्षी मिळाला. अर्ज पाहायला तिकीट नाही.