कुत्रा 'पाहायला' शिकवूया



'माझा आवडता प्राणी – कुत्रा' हा निबंध आपण सगळ्यांनीच मुलांकडून लिहून घेतलाय. कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, भाकरी खातो... झाला निबंध! पण शाळेच्या वाटेवर भेटणाऱ्या कुत्र्याचा नूर कसा ओळखायचा, हे त्यात कुठंच येत नाही. खरं तर मुलांना तेच जास्त उपयोगी आहे.

प्रदर्शनात काय पाहतात?

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षाच्या शेवटी खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं यांच्या बाजारासोबत तिथं श्वान प्रदर्शनही असतं. खंडोबाच्या यात्रेत कुत्र्याचा मान असणं साहजिकच आहे. घरी देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक असेल तर मुलांना नीट पाहायला सांगा, घोड्याजवळ बहुधा कुत्रा दिसेल.

जगात श्वान प्रदर्शनांची सुरुवात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला 1859 मध्ये झाली असं मानतात. परीक्षक कुत्र्याचे दात, छाती, पायांची ठेवण आणि चाल पाहतो. आपल्याकडचा कारवानी कुत्रा घ्या. सडपातळ अंग, खोल छाती, लांब तोंड. तो वासापेक्षा नजरेवर शिकार हेरून वेगानं धावणारा. लातूर भागातल्या पश्मीच्या कानांवर आणि शेपटीवर लांब केस असतात. पण आणखी एक गोष्ट महत्त्वाची: अनोळखी माणसानं अंगाला हात लावला तरी कुत्रा शांत उभा राहतो का? हे एका दिवसात जमत नाही. त्यामागं मालकाची रोजची माया आणि सवय असते.

न पाहता बोललं की काय होतं?

याच्या उलट उदाहरण आपल्या माजलगाव तालुक्यातलंच आहे. डिसेंबर 2021 मध्ये लवूळ गावची बातमी देशभर गाजली. माकडं कुत्र्यांच्या पिलांना उचलून उंचावर नेत होती, पिलं मरत होती. 'माकडांनी सूड घेतला', 'अडीचशे पिलं मारली' असं सगळीकडं पसरलं. वनविभागानं दोन माकडं पकडून नेली. जाणकारांनी मात्र वेगळं कारण सांगितलं: माकडं पिलांच्या अंगावरच्या उवा-गोचिडं वेचतात, जवळ ठेवतात. वर दूध मिळत नाही, काही खाली पडतात आणि मरतात. पिलं गेली हे दुःख खरंच, पण 'सूड' ही माणसाची कल्पना. आपल्या मनातलं आपण प्राण्याच्या माथी मारतो.

मुलांना काय सांगायचं?

• शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूशच आहे असं नाही. अंग ताठ, केस उभे, टक लावून पाहणं, गुरगुरणं दिसलं की लांब राहा.
• खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिलांजवळच्या कुत्रीच्या वाटेला जाऊ नका.
• कुत्रा अंगावर आला तर पळू नका. झाडासारखं स्थिर उभं राहा, डोळ्यांत पाहू नका.
• पाळीव कुत्र्यालाही मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुत्रा चावला तरी 'घरी मार बसेल' म्हणून काही मुलं सांगतच नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की रोगी वाचणं जवळपास अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर जीव वाचतो. म्हणून पालकहो, मूल सांगायला आलं तर आधी रागावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद काही लावू नका. ओरखडा असला तरी लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा.

वर्गासाठी उपक्रम

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या आठवड्यात मुलांना एका ओळखीच्या कुत्र्याकडं लांबूनच रोज दहा मिनिटं पाहायला सांगा. कान, शेपूट, चाल, आवाज यांची वहीत नोंद करायची. एकच अट: 'इमानी', 'दुष्ट' असे शब्द वापरायचे नाहीत, दिसलं तेवढंच लिहायचं. मग त्या नोंदींवरून निबंध लिहून घ्या. प्रत्येक वहीत वेगळा कुत्रा भेटेल!