सुआमे मॅगझिन : दुरुस्तीची विद्या जपणारी वसाहत

पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये, कुमासी शहरात सुआमे मॅगझिन ही गॅरेजवाल्यांची अवाढव्य वसाहत आहे. लष्कराच्या जुन्या दारूगोळा कोठारावरून तिला हे नाव पडलं. पत्र्याच्या शेड, उघड्यावर मांडलेली इंजिनं, दरवाजे आणि ॲक्सल यांच्या राशी, आणि त्यांतून वाट काढणारे मालट्रक, टॅक्स्या आणि ट्रो-ट्रो, म्हणजे तिथल्या वडाप गाड्या. युरोपात मोडीत निघाली असती अशी गाडी इथे पुन्हा रस्त्यावर येते. पाहणाऱ्याला वाटतं, ही गरिबीने शिकवलेली, वेळ मारून नेण्याची कला आहे. गरिबीने ती शिकवली हे खरं. पण तिला निव्वळ वेळ मारून नेणं म्हणणं अन्यायाचं आहे. ती एक रीतसर विद्या आहे, आणि तिच्यातल्या उणिवांचं मूळ कारागिराच्या हातात कमी, त्याला न मिळालेल्या साधनांत जास्त आहे.

या विद्येची खरी कसोटी 1970 च्या दशकाच्या अखेरीस आणि 1980 च्या सुरुवातीला लागली. घानाकडे परकीय चलन उरलं नव्हतं, त्यामुळे नव्या गाड्या दुर्मीळ झाल्या आणि सुटे भागही मिळेनात. तरी माल आणि माणसं हलायलाच हवी होती. ‘हा भाग बदला’ असं सांगणारी पुस्तिका तिथे कुचकामी होती. भाग कसा काम करतो हे ज्याला उमगलं होतं, त्याचीच गाडी चालू राहिली. पंपाचं पॅकिंग फाटलं, तर जाड कागद पंपाच्या तोंडावर धरायचा आणि हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यायचे. खालच्या लोखंडाची धारच कागद कापत जाते, बोल्टची भोकंही तशीच पडतात, आणि नेमक्या मापाचं पॅकिंग हातात येतं. ना मोजमाप, ना नकाशा. तरी चूक झाली तर लगेच कळते, कारण पाणी गळतं.

सुआमेची ताकद मात्र अशा एकेकट्या युक्त्यांत नाही, ती कामाच्या वाटणीत आहे. एकजण फक्त गिअरबॉक्स उघडतो, दुसरा वायरिंग पाहतो, तिसरा चेपलेला पत्रा सरळ करतो. पाटे, वेल्डिंग, रंग, गाद्या यांचे कारागीर वेगळे. झिजलेल्या क्रँकशाफ्टवर वेल्डिंगने धातू चढवायचा, मग लेथवर तो मापात आणायचा, हे काम शेजारच्या शेडमध्ये होत असेल तर ट्रक महिनोन् महिने पडून राहत नाही. पोरं वस्तादाच्या हाताखाली काही वर्षं राबून शिकतात. वाया काही जात नाही: ॲल्युमिनियमचे निकामी भाग वितळवून स्वयंपाकाची भांडी ओतली जातात.

अशा कसबाला यंत्रांची जोड मिळाली तर काय होतं, याचा पुरावाही इथेच आहे. कुमासीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाने 1972 मध्ये तंत्रज्ञान सल्ला केंद्र काढलं आणि 1980 मध्ये सुआमेमध्येच एक तंत्रज्ञान हस्तांतर केंद्र उघडलं. वापरलेले पण धडधाकट लेथ कारागिरांपर्यंत पोचवणं आणि ते चालवायला शिकवणं, असा साधा कार्यक्रम होता. त्यातून दुरुस्ती करणारे काहीजण भाग घडवणारे झाले. 2013 मध्ये दोन डच संशोधक-कलावंतांबरोबर इथल्या कारागिरांनी ‘टर्टल 1’ नावाची आख्खी गाडी उभी केली.

आक्षेप खरे आहेत, ते झटकून चालणार नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग ही अंदाजाने जमवायची कामं नव्हेत. तिथल्या चुकीची किंमत प्रवासी जिवाने मोजतो. जळकं ऑइल मातीत मुरतं. नव्या गाड्यांचं इंजिन संगणकाच्या हुकमाने चालतं, तिथे नुसता कान आणि हात पुरत नाही. पण यातला एकही आक्षेप वसाहत उठवून सुटत नाही. कारागीर पांगले, तर जुन्या गाड्या रस्त्यावरच राहतील, फक्त अधिक अडाणी हातांत जातील. ब्रेकच्या कामाला तपासणीची सक्ती हवी, जळकं ऑइल गोळा करायची सोय हवी, आणि दोष वाचणारं यंत्र परवडणाऱ्या भाड्याने मिळायला हवं. 1980 मध्ये लेथसाठी जे जमलं, ते या यंत्रासाठी न जमण्याचं कारण नाही.

आपल्याकडेही हायवेलगतचं गॅरेज सरकारी कागदावर बहुधा अतिक्रमण म्हणूनच उमटतं. सुआमेचा अनुभव त्या कागदावर बोट ठेवतो. हातोडीच्या ठोक्याने पॅकिंग कापणाऱ्या पोराला मापयंत्र, प्रशिक्षण आणि हक्काची जागा द्या. मग त्याच्याकडून सुरक्षिततेची हमी मागा. हमी मागण्याचा अधिकार आपल्याला या क्रमानेच मिळतो.