भूगर्भातील पाण्याची जबानी

जमिनीखालील पाणी शोधण्याच्या ज्या पद्धती आपल्याकडे रूढ आहेत, त्यांत पाणी स्वतः कधी बोलत नाही. विद्युत्-रोधाच्या मोजणीत काय किंवा कंपनलहरींच्या परीक्षणात काय, साक्ष होते ती खडकाची, आणि ओली चिकणमाती व खाऱ्या पाण्याने भरलेली वाळू यांच्या साक्षीत पुष्कळदा इतके साम्य असते की जाणत्या भूवैज्ञानिकाचाही निवाडा चुकावा. चुंबकीय अनुस्पंदनाची पद्धत मात्र प्रत्यक्ष पाण्याचीच जबानी घेते, आणि गेली कित्येक वर्षे माझे मन या विषयात गुंतून राहिले आहे ते याच एका गुणामुळे.

इतिहास थोडक्यात असा: १९४६ साली अमेरिकेत ब्लॉख व पर्सेल यांनी स्वतंत्रपणे हे अनुस्पंदन दाखवून दिले व १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळविले, व्हेरियन यांनी त्याचा उपयोग भूमिगत द्रवांच्या शोधासाठी सुचविला, नोव्होसिबिर्स्क येथे सेम्योनोव प्रभृतींनी 'हायड्रोस्कोप' घडविला, आणि १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये 'न्यूमिस' हे उपकरण सिद्ध झाले.

पाण्याच्या रेणूतील हायड्रोजनची अणुकेंद्रे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात कललेल्या भोवऱ्याप्रमाणे घुमतात. महाराष्ट्रात त्यांची गती सेकंदाला सुमारे १,८०० फेऱ्यांची, तर आल्प्समध्ये सुमारे २,००० ची असते. शंभर मीटर बाजूचा चौरस होईल अशी तार जमिनीवर अंथरून तीतून नेमक्या त्याच गतीचा प्रवाह क्षणभर सोडला की ती केंद्रे ढळतात, आणि प्रवाह थांबताच पूर्वस्थितीला येताना त्याच तारेत व्होल्टच्या काही अब्जांशांइतका क्षीण संदेश उमटवितात. त्याच्या प्रबलतेवरून पाण्याचे प्रमाण कळते, विरण्याच्या अवधीवरून छिद्रांचा आकार, आणि प्रवाह वाढवीत नेला म्हणजे शंभरेक मीटरपर्यंतची खोली. चिकणमातीत जखडलेल्या पाण्याचा संदेश उपकरण ऐकू लागण्यापूर्वीच विरतो, ही उणीव नसून मोठीच सोय होय, कारण विहिरीत न येणाऱ्या पाण्याची नोंद दप्तरी होतच नाही.

या पद्धतीचा सर्वांत विलक्षण दाखला भूजलाचा नव्हे, तर हिमनदीतील पाण्याचा आहे. माँ ब्लां पर्वताच्या अंगावरील तेत रूस या लहानशा हिमनदीच्या पोटात साचलेले पाणी १८९२ च्या जुलैतील एका रात्री अकस्मात फुटले, आणि बियोने ही वस्ती व सँ-जेर्व्हेचे स्नानगृह उद्ध्वस्त करून त्याने १७५ माणसांचे प्राण घेतले. पुढे पाण्याच्या निचऱ्यासाठी बोगदा खणला गेला. तो राखावा की नाही, असा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांनी उपस्थित झाला, तेव्हा आधी रडारने व मग २००९ साली लेगचेंको यांच्या चमूने बर्फावर तार अंथरून तपास केला. बर्फाचा प्रतिसाद तत्काळ विरत असल्याने बर्फ मुका राहिला, आणि जे बोलले ते द्रव पाणीच होते: सुमारे ५५,००० घनमीटर, म्हणजे साडेपाच कोटी लिटर! पुढच्याच वर्षी छिद्रे पाडून त्यातील सुमारे ४८,००० घनमीटर पाणी उपसण्यात आले. दातेरी रुळांच्या आगगाडीने मी मुद्दाम त्या डोंगरावर गेलो होतो; उतरल्यावर स्नानगृहाच्या घळईत उभे राहून दोन्ही बाजूंचे उभे कडे पाहिले, तेव्हा रात्री तेथे निजलेल्यांना निसटायला मार्गच नव्हता याची खात्री पटली, आणि ज्या विद्येने तोच प्रसंग खालच्या दरीवर पुन्हा ओढवू दिला नाही, तिच्याविषयीचा आदर शतगुणित झाला.

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात चुंबकीय खनिजे विपुल असल्याने तेथे संदेश लवकर विरतो. शिवाय आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा छत्तिसावा गुणज नेमका १,८०० वर येतो, त्यामुळे वीजवाहिन्यांचा गोंगाट पाण्याच्या बोलण्यात मिसळतो. म्हणून ही पद्धत सरसकट लागू करावी, असे माझे प्रतिपादन नाही. परंतु पूर्व विदर्भातील ग्रॅनाइट व नाइस खडकांच्या मुलखात, तारांपासून दूर, तिची रीतसर परीक्षा सरकारने अवश्य घ्यावी. 'येथे पाणी नाही' एवढे उत्तर जरी खोदाईपूर्वी हाती आले, तरी कर्ज काढून विंधन विहीर घेणाऱ्या शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न वाचेल, आणि त्या लाभापुढे या उपकरणाची किंमत मला तरी भारी वाटत नाही.