सिलिंडर दिला, तरी चूल का पेटते?

ठाणे-कल्याणच्या लोकलमध्ये आणि डोंबिवलीतल्या सुस्थित घरांत एक आक्षेप इतक्या खात्रीने मांडला जातो, की त्याचे निराकरण केल्यावाचून गत्यंतर नाही : शहापूर-मुरबाडच्या आदिवासी बायकांना सरकारने फुकट गॅस दिला, तरी त्या रानातून मोळ्याच आणतात, कारण त्यांना सवयच तशी.

‘फुकट’ म्हणजे किती? १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत जोडणीमागे १,६०० रुपयांचा भार सरकारने उचलला हे खरे. परंतु शेगडी व पहिला सिलिंडर यांची किंमत ज्यांना रोख देता आली नाही, त्यांना ती कर्जाऊ मिळाली आणि त्या कर्जाची वसुली पुढच्या अनुदानातून झाली. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे डिसेंबर २०१८ अखेर उज्ज्वलाचे खातेदार वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडर भरून घेत होते, आणि अनुदानाची मर्यादा होती १२. केवळ सवयच आड येत असती, तर हे तीन तरी कोणी घेतले असते? मार्च २०२३ मध्ये मुंबई परिसरात सिलिंडर १,१०० रुपयांवर गेला, तेव्हा महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे चार दिवसांहून अधिक मजुरी एकरकमी मोजून नंबर लावायचा आणि २०० रुपयांचे अनुदान मागाहून बँकेत जमा होण्याची वाट पाहायची. मोळीला रोकड लागत नाही, बाईचा दिवस लागतो. त्या दिवसाची नोंद कोणत्याच दप्तरात नसल्यामुळे आपण सरपणाला फुकट म्हणण्यास धजावतो, याचा मला मनस्वी संताप येतो.

धुराने नुसते डोळे चुरचुरतात, असेही ऐकू येते; जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या अशा धुराने २०२० साली जगात ३२ लाख माणसे दगावली. वीज आली की प्रश्न मिटला, हाही भ्रम : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ९६.८ टक्के लोकांच्या घरी वीज होती, स्वच्छ इंधनावर स्वयंपाक मात्र ५८.६ टक्के घरांतच होता.

हा केवळ खेड्यांचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांनी कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर हंगामासाठी उतरलेल्या कातकरी कुटुंबांकडे पाहावे. शिधापत्रिका गावची आणि बिऱ्हाड भट्टीवर, अशा स्थलांतरितांसाठी २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात पत्त्याचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरले गेले, शेगडी व पहिला सिलिंडरही विनामूल्य झाला. १४.२ किलोंऐवजी ५ किलोंचा सिलिंडर बदलून घेण्याची मुभाही उज्ज्वला खातेदारांना आहे. त्यामुळे एका वेळी मोजावयाची रक्कम सुमारे एक तृतीयांशावर येते, तेव्हा एजन्सीत ही मागणी अवश्य नोंदवावी.