मनी प्लांटच्या वेलीची निगा व छाटणी

अंधेरी व घाटकोपर हे भाग १९५० साली आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. त्यानंतर येथील वाड्या व भातखाचरे कमी होत गेली आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. परसातील मांडवाचे स्थान खिडकीच्या जाळीने व गॅलरीतील कुंडीने घेतले. अशा घरांत बहुधा आढळणारी वेल म्हणजे मनी प्लांट होय. लगतच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांत रोपवाटिका चालविणाऱ्या शेतकऱ्यांना या वेलीची रोपे कमी खर्चात करता येतात. मात्र रोप देताना त्याची निगाही ग्राहकास समजावून सांगणे अगत्याचे आहे. कारण पाण्यात ठेवलेली हीच वेल हयगय झाल्यास डेंग्यूच्या डासांना आसरा देते.

वेलीचा स्वभाव

ही वेल अळू व सुरण यांच्या कुळातील असून तिचे मूळ स्थान दक्षिण पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेट हे होय. झाडाच्या आधाराने वर चढल्यास तिची पाने फूटभर वा त्याहूनही मोठी होतात. खाली लोंबत ठेवल्यास ती लहानच राहतात. तिला फुले क्वचितच येतात. म्हणून तिची लागवड बियांपासून न करता वेलीच्या तुकड्यांपासून करतात. वेलीच्या प्रत्येक पेरावर एक पान, एक डोळा व हवाई मुळाचा कोंब असतो. पेर नसलेल्या कांड्यापासून किंवा नुसत्या पानापासून नवी वेल तयार होत नाही.

छाटणी का व कशी करावी

वेलीचा शेंडा वाढत असेपर्यंत तो बाजूच्या डोळ्यांची वाढ रोखून धरतो. त्यामुळे न छाटलेली वेल लांबत जाते व बुडाशी उघडी पडते. शेंडा कापला की मागचे डोळे जागे होऊन फुटवे येतात आणि कुंडी भरून दिसते.

छाटणीस पावसाळ्याचा आरंभ सर्वांत चांगला. उपनगरांतील त्या वेळची दमट हवा मुळे फुटण्यास पोषक असते. हिवाळ्यात वाढ मंदावते, म्हणून त्या वेळी मोठी छाटणी टाळावी. धारदार व स्वच्छ कात्रीने पेराच्या किंचित वर काप घ्यावा. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा अधिक वेल कापू नये. पानांवर पांढरे-पिवळे पट्टे हवे असल्यास पूर्ण हिरव्या पानांचे फुटवे काढून टाकावेत आणि कुंडी भरपूर उजेडात, परंतु कडक उन्हापासून दूर ठेवावी.

नवी रोपे

छाटलेल्या वेलीचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत. खालचे पान काढून ते पेर लाल माती, चाळलेले शेणखत व नारळाचा भुसा यांच्या मिश्रणात पुरावे. साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत मुळे धरतात. एका कुंडीत चार-पाच तुकडे लावल्यास ती लवकर भरते. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पाणी साचून राहिले तर मुळे कुजतात व पाने पिवळी पडतात.

पाण्याची बाटली व डास

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतील अंगास अंडी घालतो. मुंबईच्या उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. ही अंडी कोरड्या जागीही महिनोन्‌महिने जिवंत राहतात व पाणी मिळताच फुटतात. म्हणून केवळ पाणी बदलणे पुरेसे नाही. आठवड्यातून एक वार ठरवून बाटली रिकामी करावी, आतून घासून धुवावी, मुळेही धुवावीत व मगच नवे पाणी भरावे. कुंडीखालच्या बशीसही हाच नियम लागू आहे. शक्य असेल तेथे वेल पाण्याऐवजी मातीत लावणेच हिताचे होय.

दक्षता

या वेलीच्या रसात अळूप्रमाणे खाज आणणारे सूक्ष्म स्फटिक असतात. छाटणीनंतर हात धुवावेत आणि पाने लहान मुलांच्या व जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. बोरिवली व मुलुंड येथील वस्ती संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. जमिनीवर पडलेला एक पेरही रुजून झाडांवर चढू शकतो; श्रीलंका व हवाई येथील जंगलांत ही वेल उपद्रवी ठरली आहे. म्हणून नको असलेले तुकडे रानाच्या कडेला न टाकता पूर्ण वाळवून मगच खतखड्ड्यात घालावेत.

ग्रामसेवकांनी रोपवाटिकाधारकांच्या बैठकीत पेर दाखवून छाटणीचे प्रात्यक्षिक करावे. रोपासोबत बाटली धुण्याचा ठरलेला वारही ग्राहकास सांगितला जाईल, याकडे त्यांनी विशेष लक्ष द्यावे.