मनीऑर्डरची तारीख

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कांदिवली-बोरिवलीतून कोकणाकडे जादा एसटी गाड्या भरभरून सुटतात. या उपनगरांत स्थिरावलेल्या कितीतरी कुटुंबांची मागची पिढी लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिली आणि पगार झाला की गावी मनीऑर्डर करत राहिली. घरातले कर्ते पुरुष मुंबईत, शेतीचा आणि मुलांचा भार बायकांवर. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया आढळल्या, त्यामागे ही चाकरमानी परंपरा आहे. वरकस जमिनीवरची नाचणी आणि खाचरातला भात वर्षभर पुरत नसे. मीठमिरची, औषधपाणी आणि शाळा या गोष्टी पोस्टमन आणून देत असलेल्या पैशावर चालत. 1880 साली सुरू झालेली जुन्या पद्धतीची मनीऑर्डर सेवा टपाल खात्याने 2015मध्ये बंद केली. शेतकरी कुटुंबाच्या हाती थेट रोकड दिली तर मुले शिकतात का, या आजच्या प्रश्नाचा महाराष्ट्रातला सर्वांत दीर्घ अनुभव या मनीऑर्डरपाशी आहे.

त्या मनीऑर्डरची दोन वैशिष्ट्ये होती. एक म्हणजे तिची वेळ ठरलेली असे. पैसे येणारच या भरवशावर गावचा दुकानदार वही-पाटी उधार देई. दुसरे म्हणजे फॉर्मच्या खालच्या कुपनावर निरोप लिहायला जागा असे. पैसे कशासाठी आहेत, हे पाठवणारा तिथे दोन ओळींत कळवू शके. आज शासन शेतकऱ्याच्या बँक खात्यात जी रक्कम टाकते तिची तारीख बेभरवशाची आहे आणि तिच्यासोबत निरोप येत नाही. म्हणूनच ती रक्कम शाळेपर्यंत पोचण्याआधी दुसरीकडे वाहून जाते. रोख मदतीने शिक्षण साधते, हे जगभरच्या पुराव्यांवरून म्हणता येते. मात्र ते साधण्यात रकमेइतकाच वाटा तारखेचा, निरोपाचा आणि मुलाच्या इयत्तेचा असतो.

शाळा फुकट केली म्हणजे शिक्षण फुकट झाले असे होत नाही, हे महाराष्ट्राला फार पूर्वीच उमगले होते. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी शिक्षणाचा प्रसार न झालेल्या वर्गांतील मुलांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात, अशी मागणी केली. राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात 1917मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांनी वसतिगृहे उभारली होती. जेवणाची आणि राहण्याची सोय नसेल तर खेड्यातला मुलगा शहरातल्या शाळेत टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे 1992 साली राज्याने दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू केला. हजेरी लागली की दिवसाला 1 रुपया, वर्षाला फार तर 220 रुपये. कल्पना अचूक होती. पण महागाई वाढत गेली, रुपया मात्र रुपयाच राहिला, आणि एका चांगल्या योजनेचा अर्थच झिजून गेला.

आजचा हिशोब मांडू. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून 2019पासून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये मिळतात, 2,000च्या तीन हप्त्यांत. 2023पासून राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढीच भर घातली. म्हणजे वर्षाचे 12,000. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार 2018-19मध्ये महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 11,492 रुपये होते. म्हणजे ही मदत साधारण एका महिन्याच्या कमाईएवढी आहे. 2017-18च्या पाहणीत ग्रामीण भारतात सर्वसाधारण शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्यामागे कुटुंबाचा सरासरी वार्षिक खर्च 5,240 रुपये आढळला. वर्षे वेगळी आहेत आणि सरासरीत गरीब-श्रीमंत एकत्र येतात, हे लक्षात घेऊनही एवढे खरे की दोन मुलांच्या शाळेचा बराच भार 12,000 रुपये उचलू शकतात. कागदावर गणित सुटते. घरात ते का सुटत नाही, याचे उत्तर जून महिन्यात आहे.

मृगाचा पाऊस आणि शाळेची घंटा एकाच पंधरवड्यात येतात. राज्यातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. रब्बीचा पैसा तोवर संपलेला असतो, पीककर्जाचे नवे-जुने व्हायचे असते आणि खरिपाची पेरणी दारात उभी असते. 2024च्या हंगामात बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत 864 रुपये होती आणि डीएपीच्या 50 किलोच्या गोणीला 1,350 रुपये पडत होते. 2,000चा हप्ता हातात आला आणि एक गोणी घेतली की 650 उरतात. त्यात बियाण्याचे एक पाकीटसुद्धा बसत नाही. त्याच आठवड्यात दप्तर, वह्या, कंपास, छत्री आणि एसटीचा पासही हवा असतो. पेरणी चुकली तर वर्ष जाते, वह्या आठ दिवसांनी आणल्या तरी चालतात, असा विचार बाप करतो. त्याला शिक्षणाची किंमत कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यापुढे दोन गरजा एकदम येतात आणि त्यातली एक थांबायला तयार नसते.

आता याच हप्त्याच्या तारखा पाहा. एप्रिल ते जुलै या काळासाठीचा केंद्राचा हप्ता 2022मध्ये 31 मे रोजी आला, 2023मध्ये 27 जुलैला, 2024मध्ये 18 जूनला आणि 2025मध्ये तर 2 ऑगस्टला. रक्कम तीच, योजना तीच. पण 31 मेला आलेले 2,000 बियाणे आणि शाळा या दोन्हींत वाटून घेता येतात, तर जुलैअखेरीस आलेले 2,000 कृषी सेवा केंद्राच्या उधारीत जमा होतात. उत्तर प्रदेशात या योजनेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनाही असाच कल दिसला होता. पेरणीच्या हंगामात मिळालेला पैसा शेतीत गेला आणि हंगामाबाहेर मिळालेला पैसा घरखर्च, औषधपाणी आणि शिक्षणाकडे वळला. एकही रुपया न वाढवता, फक्त तारीख पक्की करून या मदतीचा शिक्षणाला होणारा उपयोग वाढवता येईल. हप्ता दरवर्षी 1 जूनच्या आत येणार असे शासनाने सांगितले आणि तसे पाळले, तर घराला त्यावर बेत आखता येईल.

तारखेनंतर इयत्ता. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आहे, मोफत पाठ्यपुस्तके आहेत, गणवेश आहे, दुपारची खिचडी आहे. नववीच्या उंबरठ्यावर हे सगळे एकदम थांबते. त्याच सुमारास किंवा त्याआधीच शाळा बहुधा गावाबाहेर जाते, कारण जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच गावांत चौथी किंवा सातवीपर्यंतच असते. शिवाय चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातांना शेतात मोल आलेले असते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला ते हात हवे असतात. म्हणजे खर्च वाढतो, सवलत संपते आणि शाळेत जाण्यासाठी सोडावी लागणारी मजुरीही वाढते. बिहारने 2006मध्ये नेमक्या याच जागी बोट ठेवले. नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी शाळेतून पैसे दिले. अभ्यासकांच्या मोजणीत मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आणि शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला. महाराष्ट्राची लेक लाडकी योजना इयत्तांचे टप्पे ओळखते, हे तिचे मोठेपण. पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि अठराव्या वर्षी 75,000. पण नववी-दहावीसाठी तिच्यात काही नाही, आणि 1 एप्रिल 2023नंतर जन्मलेल्या मुलींसाठीच ती असल्याने आज नववीत असलेल्या मुलीला तिचा आधार मिळणार नाही.

पहिला आक्षेप सगळ्यांच्या तोंडी असतो: रोख पैसा दारूत जातो. तो मनाने रचलेला नाही. गावोगावच्या बायकांनी दारूबंदीसाठी दिलेले लढे त्यामागची भीती खरी असल्याचे सांगतात. पण त्यावर पुरावाही आहे. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा यांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे एकूणात दिसले नाही. मध्य प्रदेशात 'सेवा' संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने 2011-12मध्ये काही गावांत प्रत्येक प्रौढाला आणि मुलाला विनाअट मासिक रक्कम दिली. तिथेही शाळेची हजेरी आणि शिक्षणावरचा खर्च वाढला. ज्या घरात दारू आहे तिथे ती मदतीआधीही होती. तेवढ्यासाठी शेजारच्या दहा घरांतल्या मुलांचे पैसे अडवून ठेवणे न्यायाचे नाही.

दुसरा आक्षेप अटींचा: मूल शाळेत गेल्याचे सिद्ध झाल्याशिवाय पैसे का द्यायचे? मेक्सिकोने 1997मध्ये 'प्रोग्रेसा' योजनेत अशी अट घातली आणि माध्यमिक शाळेत, विशेषतः मुलींची, नोंदणी वाढली. मलावीतल्या प्रयोगात अट असलेल्या मुलींची गळती अधिक कमी झाली. मात्र अट नसलेल्या गटात कोवळ्या वयातली लग्ने आणि बाळंतपणे कमी झाली, कारण शाळा सुटलेल्या मुलीचाही आधार तुटला नव्हता. ज्या राज्यात अजून बालविवाह रोखावे लागतात त्याने ही गोष्ट विसरू नये. मोरोक्कोतला अनुभव याहून बोलका आहे. तिथे पैसे 'हे शिक्षणासाठी' असे सांगून, पण अट न घालता दिले आणि गळती मोठ्या प्रमाणात घटली. वर अट जोडल्याने काही वाढीव फायदा झाला नाही. पैशासोबत आलेला निरोप पुरेसा ठरला. मनीऑर्डरच्या कुपनाने आपल्याकडे हेच काम केले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: हा पैसा सातबाऱ्याच्या मागे जातो. ज्याच्या नावावर जमीन नाही तो बटाईदार, शेतमजूर, बीडहून कोयता घेऊन सहा महिने साखर कारखान्यांच्या फडात राहणारे जोडपे, आणि जिच्या नवऱ्याच्या माघारी फेरफार झालेला नाही ती विधवा, हे सगळे या मदतीबाहेर राहतात. ऊसतोड कुटुंबाला रोकड मिळते ती मुकादमाच्या उचलीतून. ती फेडायची असते, आणि फेडण्यासाठी मुलांना शाळेतून काढून सोबत न्यावे लागते. हा आक्षेप रोख मदतीविरुद्ध जात नाही. ती कोणत्या नोंदीला बांधावी, हे तो सांगतो. शिक्षणासाठीचा हप्ता सातबाऱ्याऐवजी शाळेच्या पटाला बांधला तर जमीन असो वा नसो, मूल पटावर आहे म्हणून पैसे घरी येतील.

पैसे दिले की शासनाची जबाबदारी संपते, असे मात्र कोणी समजू नये. रोख मदतीने मूल वर्गात येते. वर्गात गुरुजी नसतील किंवा पट कमी म्हणून शाळाच बंद झाली, तर ते पैसे रस्त्यातच संपतील. हजेरी वाढूनही शिकणे तेवढे वाढत नाही, हे अशा योजनांच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. म्हणून शिक्षकाच्या पगारातून कापून हप्ता देऊ नये आणि हप्त्याचे निमित्त सांगून शाळा मोडू नये.

कोकण विभाग 2012पासून दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने पुढे राहिला आहे. त्याचे सगळे श्रेय मनीऑर्डरला देता येणार नाही. तिथले शिक्षक, शाळा आणि शिकण्याची ओढ हे सारे त्यात आहे. पण मुंबईच्या गिरणीत दिवसपाळी-रातपाळी करून मनीऑर्डर पाठवणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: शाळेचे पैसे शाळा सुरू होण्याआधी पोचले पाहिजेत आणि कशासाठी आहेत हे घरी कळले पाहिजे. त्याच्याजवळ ना संगणक होता ना बँक खाते. शासनाजवळ दोन्ही आहे. नववीपासून बारावीपर्यंत प्रत्येक मुलामुलीच्या नावे, महागाईप्रमाणे वाढणारा, 'हा शाळेचा हप्ता आहे' असे स्पष्ट सांगणारा पैसा 1 जूनच्या आत घरी पाठवणे त्याला नक्की जमेल. त्या दिवशी पेरणीपुढे उभ्या असलेल्या आईबापांना बियाणे की वह्या, ही निवड करावी लागणार नाही.